सल्ला : चार महिन्यांच्या मुलीचे ऑपरेशन करावे की करू नये?

पत्र : मी सोलापुरात राहते. माझे पती अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्यात हिशेबाचे काम पाहतात आणि मी घरी शिलाई करते. आम्हाला सहा वर्षांचा मुलगा आहे. चार महिन्यांपूर्वी मुलगी झाली. तिला डाउन सिंड्रोम, म्हणजे बुद्धीची वाढ मंद करणारा जन्मजात गुणसूत्रदोष, असल्याचे रक्ताच्या तपासणीत निघाले. टूडी एको ही हृदयाची तपासणी केल्यावर हृदयात मोठे छिद्र आहे आणि येत्या दोन महिन्यांत ऑपरेशन करावे लागेल, असे सांगण्यात आले. दूध पिताना तिला घाम सुटतो, धाप लागते, वजन वाढत नाही. सासूबाई म्हणतात, देवाने तिची वाट ठरवली आहे, तुम्ही मध्ये पडू नका. दीर म्हणतात, आता सुप्रीम कोर्टानेही सन्मानाने मरण्याला परवानगी दिली आहे, मग त्या जिवाचे हाल कशाला? ज्या डॉक्टरांनी आम्हाला प्रथम सांगितले तेही म्हणाले, ‘ऑपरेशन होईल, पण पुढे तिला कसले आयुष्य आहे याचा विचार करा.’ पती काहीच बोलत नाहीत. एका रात्री, ही झोपेतच गेली तर बरे होईल, असे माझ्याच मनात आले आणि तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. ऑपरेशन केले तर आम्ही बाळावर अन्याय करू का? नाही केले तर पाप लागेल का? आणि आमच्या माघारी तिचे कोण? — सौ. अ., सोलापूर

प्रिय सौ. अ.,

तुम्ही सरळ विचारले आहे, म्हणून उत्तरही आधी सरळ देते. बालहृदयाचे सर्जन ऑपरेशन शक्य आहे असे म्हणत असतील, तर ते करा आणि मिळेल ती पहिली तारीख घ्या. घरात एकमत होण्याची वाट पाहत बसलात, तर तेवढ्यात वेळ निघून जाईल. हे इतक्या ठामपणे मी का लिहिते, ते आता सविस्तर सांगते.

माझा धाकटा भाऊ १९६८ साली जन्मला. आम्ही तेव्हा सोलापूरच्या साखर पेठेत राहत होतो. डाउन सिंड्रोम हा शब्द आमच्या घरात कोणाला ठाऊक नव्हता. दवाखान्यात त्याच्यासारख्या मुलांना त्या काळी एका वंशाच्या नावाने ओळखत, तो शब्द मला आजही लिहवत नाही. त्याच्या छातीत ‘आवाज’ येतो हे लवकरच कळले. वडील त्याला कडेवर घेऊन रेल्वेने मोठ्या शहरातील एका मोठ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी त्याला तपासले आणि सांगितले की, दोष दुरुस्त होण्यासारखा असला तरी अशा मुलांवर ऑपरेशन करीत नाहीत. वडील दुसऱ्या दिवशी परत आले. आमच्या घरानेही तेव्हा ‘देवाच्या मनात असेल ते होईल’ असेच म्हटले होते, आणि ज्यांनी ते म्हटले ती माणसे त्याच्यावर जीव टाकणारी होती.

सासूबाईंना जे वाटते आहे की ऑपरेशन केले नाही तर बाळ शांतपणे जाईल, ते बहुतेक वेळा तसे घडत नाही. आमच्याकडे काय घडले ते सांगते. हृदयातल्या छिद्रातून जास्तीचे रक्त सतत फुप्फुसांकडे लोटले जाते. त्या दाबाने फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या जाड आणि अरुंद होत जातात, आणि डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांत हे इतर मुलांपेक्षा लवकर होते. म्हणूनच अशा मोठ्या दोषाचे ऑपरेशन साधारण तीन ते सहा महिन्यांच्या वयात उरकावे असा डॉक्टरांचा आग्रह असतो. ती वेळ गेली की पुढे केव्हातरी प्रवाह उलटतो, अशुद्ध रक्त शरीरात जाऊ लागते आणि मग छिद्र बुजवणेच धोक्याचे ठरते. माझ्या भावाची नखे आणि ओठ जांभळे होत गेले. आमच्या घराला सात पायऱ्या होत्या. बाराव्या वर्षी तो त्या एका दमात चढत असे, पंधराव्या वर्षी मध्ये दोनदा उकिडवा बसत असे. शेवटची दोन वर्षे तो आडवा झोपू शकला नाही. आई पाठीशी उशा लावून त्याला बसवत असे आणि स्वतः त्याच्या पायाशी डुलक्या घेत असे. तो एकविसाव्या वर्षी गेला. ऑपरेशन टाळल्याने त्याचे हाल वाचले नाहीत, ते नऊ-दहा वर्षे पुरतील एवढे लांबले.

आता तुमच्या डॉक्टरांच्या वाक्याकडे येते, कारण सगळ्या पत्रात तेच तुमच्या मनात सर्वांत खोल रुतले आहे असे मला वाटते. त्या एका वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘ऑपरेशन होईल’ हे त्यांचे वैद्यकीय मत आहे आणि ते सांगण्याचा त्यांना अधिकार आहे. ‘पुढे तिला कसले आयुष्य आहे’ हे मात्र कोणत्याही तपासणीत निघालेले नाही; एकोच्या रिपोर्टवर तसा रकाना नसतो. एखादा उपचार रुग्णाला उपयोगी पडणार नाही असे डॉक्टर म्हणतात, तेव्हा ते उपचाराबद्दल बोलत असतात. उपचार उपयोगी पडेल, पण ज्या जिवावर तो करायचा तो जीव त्या खर्चाच्या योग्यतेचा नाही असे कोणी सुचवले, की बोलणे त्या जिवाच्या किमतीवर गेलेले असते, आणि तिथे पांढरा कोट घातलेल्या माणसाचे मत तुमच्या शेजारणीच्या मतापेक्षा वजनदार ठरत नाही.

हा वाद केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेतील इंडियाना राज्यात ब्लूमिंग्टन या गावी एप्रिल १९८२ मध्ये एक मुलगा जन्मला. त्याला डाउन सिंड्रोम होता आणि अन्ननलिका जठराला जोडलेली नव्हती. अन्ननलिकेचे ऑपरेशन तेव्हाही होत असे. परंतु प्रसूती करणाऱ्या डॉक्टरांनी आईवडिलांना ते न करण्याचा मार्ग दाखवला, न्यायालयानेही त्यांचा निर्णय मान्य केला आणि ते मूल सहाव्या दिवशी गेले. त्यावर तिकडे मोठा गदारोळ झाला आणि १९८४ मध्ये बालकांच्या संरक्षणाच्या कायद्यात दुरुस्ती झाली. तिचा आशय असा की, बाळ कायमचे बेशुद्धावस्थेत असेल, उपचाराने फक्त मरण लांबणार असेल, किंवा उपचार जगण्याच्या दृष्टीने निष्फळ आणि त्यामुळे अमानुष ठरणार असेल, तरच तो थांबवता येतो. बुद्धीची मर्यादा हे कारण त्या यादीत नाही. मला ही यादी न्याय्य वाटते आणि तुमच्या निर्णयासाठीही तीच पुरेशी आहे. तुमची मुलगी यांपैकी एकाही ओळीत बसत नाही.

त्याच सुमारास, म्हणजे १९८३ च्या आसपास, अमेरिकेत डाउन सिंड्रोम असलेल्या व्यक्तीचे सरासरी आयुर्मान सुमारे २५ वर्षे होते. आज ते ६० च्या घरात आहे. एकविसाव्या गुणसूत्राची तिसरी प्रत तेव्हाही तीच होती आणि आजही तीच आहे, तिच्यावर कोणतेही औषध निघालेले नाही. फरक मुख्यतः एवढाच पडला की या मुलांची हृदये दुरुस्त होऊ लागली आणि त्यांना संस्थेत टाकून न देता घरात वाढवले जाऊ लागले. डाउन सिंड्रोम असलेल्या सुमारे निम्म्या बाळांना हृदयाचा काही ना काही दोष असतो. ‘ही मुले फार जगत नाहीत’ हे वाक्य आपण वर्षानुवर्षे निसर्गाच्या नावावर खपवले. त्यांतली कित्येक मुले उपचार न मिळाल्यामुळे गेली, आणि माझा भाऊ त्यांपैकी एक होता.

दीरांना कायद्याचा जो भाग माहीत आहे तो अर्धा आहे. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला हे खरे आहे. तो निर्णय असाध्य आजाराच्या अखेरच्या टप्प्यावरील, किंवा बरे होण्याची आशा न उरलेल्या रुग्णाचे कृत्रिम उपचार थांबवण्याविषयी आहे, आणि त्यासाठीही डॉक्टरांच्या मंडळांची संमती लागते. जिच्यावर नेहमीचे, ठाऊक असलेले ऑपरेशन होऊ शकते अशा बाळाला तो लागू पडत नाही. उलट, संविधानाच्या ज्या अनुच्छेद २१ मधून न्यायालयाने तो हक्क काढला, त्याच अनुच्छेदाने तुमच्या मुलीला जगण्याचा हक्क दिला आहे, आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने समानतेने व सन्मानाने जगण्याचा तिचा हक्क पुन्हा स्पष्ट लिहून ठेवला आहे.

या विषयावर बोलताना आपल्याकडे अरुणा शानभाग यांचे नाव निघतेच, म्हणून त्याबद्दलही लिहिते. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील या परिचारिकेवर नोव्हेंबर १९७३ मध्ये भीषण हल्ला झाला आणि मे २०१५ मध्ये जाईपर्यंत त्या जवळजवळ ४२ वर्षे अंथरुणावर होत्या. त्यांना मरण मिळावे अशी याचिका ज्या लेखिकेने केली तिची कळकळ खरी होती, त्याबद्दल मला शंका नाही. पण रुग्णालयातल्या परिचारिका, ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या त्यांना आंघोळ घातली, भरवले, कूस बदलून दिली, त्या म्हणाल्या की त्यांना जगू द्या, आम्ही सांभाळतो. मार्च २०११ मध्ये न्यायालयाने ती याचिका फेटाळली आणि परिचारिकांच्या त्या म्हणण्याला वजन दिले. अरुणाबाईंची अवस्था आणि तुमच्या बाळाची अवस्था यांची तुलनाच होऊ शकत नाही. तुमचे बाळ चार महिन्यांचे आहे, दूध मागते, तुम्हाला ओळखते. तरीही मला त्या प्रकरणातील एक गोष्ट मोलाची वाटते. ज्यांचे हात रोज त्या शरीराला लागत होते त्यांना ते आयुष्य ओझे वाटले नाही.

आयुष्याच्या दर्जाबद्दल स्वतः डाउन सिंड्रोम असलेल्या माणसांना कोणी विचारले आहे का? विचारले आहे. २०११ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२ वर्षांवरील अशा २८४ जणांना प्रश्न विचारले गेले आणि जवळजवळ ९९ टक्के जणांनी आपण आपल्या आयुष्यात सुखी असल्याचे सांगितले. हे लोक पालकसंघटनांशी जोडलेल्या घरांतले होते आणि तिकडच्या सोयी आपल्याकडे नाहीत, हे ध्यानात ठेवूनच हा आकडा वाचावा. पण सोयी नाहीत म्हणून मूल नको, असे म्हणण्यापेक्षा सोयी मागणे अधिक सरळ नाही का?

माझ्याजवळ आकडा नाही, एक माणूस आहे. वडील टॉवेलचा व्यापार करीत असत आणि माल घडी घालण्यासाठी घरी येत असे. भाऊ जमिनीवर मांडी घालून बसे, टॉवेलची चार टोके जुळवून बघे, एक टोक जरी मागे राहिले तरी सगळी घडी मोडून पुन्हा सुरुवात करी आणि शेवटी तळहाताने तीनदा दाबून ती बाजूला ठेवी. एका डझनाला त्याला दुपार लागत असे. वडिलांनी त्याला कधी घाई केली नाही आणि त्याच्या डझनाची गठडी ते वेगळी बांधत. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या उंच काठ्या निघत तेव्हा तो वडिलांच्या खांद्यावरून बाराबंदी घातलेल्या माणसांना हात जोडी. पुढे चालवेनासे झाले तेव्हा शेजारच्या मुलांनी त्याला खुर्चीसकट उचलून रस्त्यावर नेले. त्याच्या आयुष्याचा दर्जा काय होता हे मला कोणी विचारले, तर मी सांगेन की धाप लागत नसे तेव्हा तो उत्तम होता.

कष्ट झाले नाहीत, असे मी म्हणणार नाही, कारण ते खोटे ठरेल. आई अनेक वर्षे पंढरपूरलाही जाऊ शकली नाही, आणि ते काही लांब नाही. मला पाहायला आलेल्या एका स्थळाने ‘घराण्यात असे आहे’ म्हणून नकार कळवला. तुमच्याही कानावर हे येईल, म्हणून एक गोष्ट आत्ताच करून घ्या : रक्ताच्या तपासणीत गुणसूत्रांचा जो अहवाल आला आहे, तो डॉक्टरांना नीट समजावून सांगायला लावा. सुमारे ९५ टक्के मुलांत एकविसाव्या गुणसूत्राची तिसरी प्रत सुटी असते आणि तो प्रकार आनुवंशिक नसतो. थोड्या मुलांत ती दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेली असते आणि तेव्हाच आईवडिलांची तपासणी करावी लागते. तुमच्या मुलाच्या लग्नाची काळजी आजच करणाऱ्या नातेवाइकांना दाखवायला तो कागद उपयोगी पडेल.

त्या रात्री तुमच्या मनात जे आले, त्याबद्दल. चार महिने पुरती झोप नसलेल्या, दर दोन तासांनी धापा टाकणाऱ्या बाळाला पाजणाऱ्या आणि घरातल्या प्रत्येकाकडून ‘जगून काय करणार’ हेच ऐकणाऱ्या बाईच्या मनात तो विचार आला, तर तो तिच्या थकव्यातून आणि भोवतालच्या बोलण्यातून आला आहे. तुम्ही त्यानंतरही तिला पाजलेत, वजन करायला नेलेत आणि मला पत्र लिहिलेत. माझ्या आईच्या मनातही तो येऊन गेला होता, तिने मला ते भाऊ गेल्यानंतर पुष्कळ वर्षांनी सांगितले, आणि इतकी वर्षे तिने ते एकटीने वागवले याचे मला फार वाईट वाटते. तुम्ही तसे करू नका. विचार पुन्हा पुन्हा येत असेल, रडू थांबत नसेल, तर बाळंतपणानंतरचे नैराश्य हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांना सांगा, किंवा १४४१६ या टेली-मानसच्या सरकारी क्रमांकावर फोन करा, तिथे मराठीत बोलता येते.

‘आमच्या माघारी तिचे कोण’ हा प्रश्न मात्र खरा आहे आणि मी त्याचे गोड उत्तर देणार नाही. मुलगा सांभाळेल असे गृहीत धरून त्याच्या सहाव्या वर्षीच त्याच्यावर हे ओझे टाकू नका. त्याने बहिणीवर प्रेम करावे एवढेच आज पुरे. कायद्याने काही आधार दिला आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाखाली बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तीला १८ वर्षांनंतर पालक नेमता येतो आणि त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते. त्याच न्यासाची निरामय ही आरोग्यविमा योजना एक लाख रुपयांपर्यंतचा खर्च उचलते. दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र, ही या सगळ्याची पहिली पायरी आहे. पण मोठ्या झालेल्या, आईवडील नसलेल्या माणसांनी सन्मानाने राहावे अशी घरे आपल्याकडे गरजेच्या मानाने फार थोडी आहेत. ही उणीव आपल्या समाजाची आहे आणि तिची भरपाई चार महिन्यांच्या बाळाने आपला श्वास देऊन करावी, हे मला कोणत्याही हिशेबाने पटत नाही.

आता लगेच करायच्या गोष्टी. पैशासाठी थांबू नका. अंगणवाडीत तपासणीला येणारे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तुमच्यासाठीच आहे. जन्मजात हृदयदोष आणि डाउन सिंड्रोम हे दोन्ही त्या कार्यक्रमात येतात आणि त्यातून मान्यताप्राप्त रुग्णालयात मोफत ऑपरेशन होऊ शकते. अंगणवाडीताईंना उद्याच गाठा आणि सिव्हिलमध्ये चौकशी करा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबद्दलही तिथेच विचारा. सर्जनना भेटताना प्रश्न कागदावर लिहून न्या : दोष नेमका कोणता, फुप्फुसांतला दाब किती, तुमच्या हातून अशी किती ऑपरेशने झाली, या ऑपरेशनमध्ये जिवाला धोका किती, पुन्हा ऑपरेशन लागेल का. दाब फार वाढला आहे आणि ऑपरेशनने बाळ वाचण्याऐवजी दगावेल, असे उत्तर आले, तर दुसऱ्या एका बालहृदयतज्ज्ञाचे मत घ्या, आणि तेही तसेच म्हणाले तर ऑपरेशन न करता तिला औषधांनी आराम देणे हाच योग्य मार्ग असेल. तेव्हा कोणी तुम्हाला बोल लावू शकणार नाही, कारण तो निर्णय तिच्या हृदयाकडे पाहून घेतलेला असेल.

या भेटीला पतींना आणि सासूबाईंना सोबत न्या. पती गप्प आहेत म्हणजे त्यांचा नकार आहे असे धरून चालू नका; माझे वडीलही त्या प्रवासाबद्दल जन्मभर गप्प राहिले आणि ते का, हे आम्हाला फार उशिरा कळले. सासूबाईंना सर्जनच्या तोंडून ऐकू द्या की ऑपरेशन न केल्यास पुढची वर्षे कशी जातील. बाळ घामाघूम होते तेव्हा पदराने त्याचा चेहरा बहुधा त्याच पुसत असतील.

आणखी एक. सबंध पत्रात तुम्ही तिला ‘मुलगी’ आणि ‘बाळ’ म्हटले आहे, नाव कुठेच नाही. बारसे राहिले असेल, तर ऑपरेशनच्या आधी घरच्या घरी उरकून घ्या. पाळण्याला थोडी फुले आणि घुगऱ्या एवढे पुरे. जन्मदाखल्यावर १२ महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क लागते. दवाखान्याच्या फायलीवरही ‘बेबी ऑफ’ खोडून तेच नाव लिहून घ्या, आणि ते काय ठेवलेत हे मला कळवा.